अंतरपाट आणि टॅन एक्सचं वर्गमूळ

माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न अकोल्यात एकाच दुपारी दोनदा लागलं. दोन्ही वेळा नवरदेव तोच होता.

तेव्हा मी अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी.ला होतो. सरांनी टॅन एक्सच्या वर्गमुळाचं इंटिग्रेशन घरी सोडवायला दिलं होतं आणि ते काही केल्या सुटत नव्हतं. इकडे व्याही मुहूर्ताचे कमालीचे कडक. "एक पळ इकडचं तिकडं झालं, तर वरात घेऊन वापस जाईन," असं त्यांनी बैठकीतच सांगून ठेवलं होतं. (वकील होते. सही-शिक्का तेवढा राहिला!)

परतवाड्याहून येणारे दुसरे गुरुजी पोचलेच नाहीत, म्हणून अंतरपाटाचं एक टोक माझ्या हाती आलं.

"घट्ट धर. मी सांगीन तवाच सोड," मामांनी बजावलं.

मंगलाष्टकं सुरू झाली. मांडवाच्या कापडातून ऊन गाळून येत होतं, सूर लांबत चालला होता. समोरच्या पांढऱ्या वस्त्रावर, कुंकवाच्या स्वस्तिकाशेजारी, इंटिग्रलची उंच वळणदार खूण उमटली. वर्गमुळाच्या जागी टी आला. अंश आणि छेद अलगद तरंगू लागले. अक्का, नवरदेव, पाहुणे सगळे दूर, जणू पाण्याखाली. आणि एकाएकी दिसलं: अंशाचे दोन तुकडे पाडायचे! एकात अधिक एक, दुसऱ्यात उणे एक!

ते हवेत लिहायला मी हात उचलला. हात रिकामा, टोक सुटलेलं!

अंतरपाट खाली. अक्षता पडल्या, बँड वाजला, गोंधळलेल्या अक्कानं हार घालूनही टाकला.

"थांबा!" व्याही कडाडले. "मुहूर्ताले टाइम आहे अजून! काहून वाजवून राह्यले?"

"आमी अक्षता पडताना पायल्या, साहेब," बँडवाला म्हणाला.

मामांनी माझा कान धरला. "काहून सोडलं बे?"

"मामा, वर-खाली टी-वर्गानं भागलं की..."

"घरी चाल, तुलेच भागतो!"

व्याही चपला शोधू लागले. गुरुजी घाईनं म्हणाले, "मुहूर्ताआधी झालं ते लग्नच नव्हे. हार काढा, पुन्हा लावू."

"एकदा घातला तो घातला. मी नाही काढणार," अक्का म्हणाली.

नवरदेवानं हार स्वतःच उतरवला. "बाबा, मी अजून एकदा घालून घेतो नं. मले काही तरास नाही."

मांडव हसला. व्याह्यांच्या मिशाही हलल्या. सतरंजीवरच्या अक्षता गोळा करून पुन्हा वाटल्या गेल्या आणि लग्न ऐन मुहूर्तावर लागलं. गणिताचं उत्तरही बरोबर निघालं. ते ऐकून घ्यायला मात्र घरात कोणी तयार नव्हतं.

पुढे माझं लग्न ठरलं. अंतरपाट धरायचं काम नवरदेवाकडे नसतंच. तरीही मंगलाष्टकं संपेपर्यंत मामांनी मागून माझे दोन्ही हात पकडून ठेवले होते!