घासलेला अंगठा

परवा भाजीसाठी कच्ची केळी चिरताना बोटांना चीक लागला आणि त्या तुरट वासाबरोबर फोपनार गावचे एक म्हातारे बाबा आठवले. तेव्हा मी बुऱ्हाणपूरच्या एका सरकारी कचेरीत बाबू होतो. बाबा पेन्शनसाठी आले होते. आपण जिवंत आहोत हे मशीनवर अंगठा देऊन दाखवायचं होतं. केळीचे घड कापण्यात जन्म गेलेला, अंगठा चिकाने काळा पडलेला. आमचं चिकटपट्ट्या लावलेलं जुनं मशीन तो ओळखेना, दरवेळी लाल दिवा दाखवायचं. मी वैतागून म्हणालो, "बाबा, अंगठा साफ करून या." तासाभराने ते हसत परतले. नळाजवळच्या दगडावर त्यांनी अंगठा घासून आणला होता. "आता देखा भाऊसाहेब, एकदम साफ." अंगठा गुलाबी झाला होता आणि उरल्यासुरल्या रेषाही गेल्या होत्या. मशीन पुन्हा लाल. "मग मी जिंदा नाही का?" म्हणत ते मागच्या खोक्यावर टेकले. त्या खोक्यात डोळ्यांवरून माणूस ओळखणारी नवी मशीनं होती, आली तेव्हापासून सीलबंद. आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर ती चालणारच नव्हती. हे मला ठाऊक होतं. तरी मी वर एक अर्जसुद्धा लिहिला नाही. "पुढच्या महिन्यात या," एवढंच म्हणालो. ते आले नाहीत आणि मीही चौकशी केली नाही. यंदा माझ्या स्वतःच्या पेन्शनसाठी मी अंगठा टेकवला. मशीनने तो पहिल्याच झटक्यात ओळखला. रेष न् रेष शाबूत होती. कागद सरकवण्यापलीकडे त्या अंगठ्याने आयुष्यात काही केलंच नव्हतं.