तेल अजून गारच हाय

गॅरेजवरून जाताना गिअर ऑइलचा उग्र वास आला की मला मंद्रूपमधली थंडीची एक सकाळ आठवते. दारात वडिलांचा कांद्यानं भरलेला ट्रक घरघरत उभा होता. मला पुण्यात नोकरी लागली होती आणि ते मला त्याच ट्रकमधून सोडायला निघाले होते. थंडीत गिअरबॉक्समधलं तेल घट्ट होतं. ते तापल्याशिवाय वडील कधीच गिअर टाकत नसत. गिअरच्या दांड्याखालच्या पत्र्यावर तळवा ठेवून, लेकराचा ताप बघावा तसे ते बघायचे. त्या दिवशीही बघितलं. "गार हाय अजून." पुन्हा चहा झाला. "लई गार हाय की. थांब जरा." ऊन पोत्यांवर चढलं. आई वैतागली, "बाजार उठंल तवर, निघा की आता!" मी हळूच पत्र्यावर हात ठेवला तर चटकाच बसला. वडील माझ्याकडंच बघत होते. "व्हय," मी म्हणाले, "गारच हाय." काल माझी लेक नोकरीच्या गावी निघाली, बॅटरीवरच्या नव्या गाडीतून. मी खिडकीशी वाकून म्हणाले, "थांब जरा, तेल तापू दे." ती हसली, "आई, हिच्यात कसलं आलंय तेल?" तेवढं मलाही ठाऊक होतं.