झाडावरची झोळी

वामन गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. "भावोजी, हे गेले..." एवढंच. पाम गावातल्या माझ्या घरात मी तीनदा चपला घातल्या आणि तीनदा काढल्या. माझ्या पायाला भिंगरी आहे असं वामन म्हणायचा आणि ते खरंच आहे. आज पाच आठवडे झाले, हे लिहायला बसलो तरी चारदा उठलोय.

तारापूरच्या एका कारखान्यात आम्ही दोघं तीस वर्षं फिटर होतो, जोडीनं, उंच पाइपांवर, कमरेला पट्टा बांधून. पट्ट्याचा हूक एका जागेवरून काढून दुसरीकडे अडकवला की मोठ्यानं "लॉक!" म्हणायचं. जोडीदाराचा "लॉक!" असा जबाब आल्याशिवाय अंगाचं वजन टाकायचं नाही. झोपेतसुद्धा कुणी "लॉक" म्हटलं असतं तर आम्ही जबाब दिला असता.

निवृत्तीनंतर वामन एडवणच्या आपल्या वाडीत केळी-नारळ बघत बसेल असं वाटलं होतं. पण त्यानं मोबाइलवर परदेशी शिकारी पाहिले. कापडी खोगिरात बसून झाडाला लटकायचं आणि सरकारी रानात धनुष्यबाण घेऊन हरणाची वाट बघायची... वामन वेडाच झाला. जुन्या पट्ट्यांना ताडपत्रीची बैठक शिवून त्यानं तसल्याच दोन झोळ्या केल्या.

"अरे दत्ता, मारणारे येवढे गप बसतात. आपल्याला तर नुसतं बघायचं हाय."

"वाडीत येवढे माड हायेत, तितं लटका की!" वहिनी म्हणायच्या.

वनरक्षकाला सांगून आम्ही पालघरच्या पूर्वेच्या जंगलात जायचो. दोन शेजारची झाडं, खाली ओढ्याचं डबकं. वामनला भेकर, ते कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण, बघायचं होतं. चार हिवाळे आम्ही लटकलो. भेकराचं भुंकणं ऐकलं, चिखलात खूर पाहिले, पण जनावर काही दिसलं नाही. वामन तीन-तीन तास दगडासारखा बसायचा. मी मात्र दर दहा मिनिटांनी कुल्ला बदलायचो. तो फक्त डोळे वटारायचा.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, जे करायचं ते लवकर करा. तो म्हणाला, "येकदा जाऊन येऊ." शिडीच्या पाच पायऱ्या चढायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

तासाभरानं करवंदीच्या जाळीमागे काहीतरी हललं. वामनच्या आणि जाळीच्या मधे झाडाचा बुंधा होता, त्यामुळे ते मलाच दिसलं. भेकर! मागं इवलंसं पिल्लू, चार पावलांत डबक्यावर येणार. मला राहवेना. आणखी नीट दिसावं म्हणून मी सरकलो, हूक वरच्या दोरीत अडकवला आणि तोंडातून निघून गेलं...

"लॉक!"

"लॉक!" वामननं तितक्याच खणखणीत आवाजात जबाब दिला.

जाळी तेवढी हलत राहिली.

"काय होतं रे?"

"भेकर. पिल्लू होतं बरोबर."

तो इतका हसला की त्याची झोळी गदागदा हलायला लागली. मी हसलो नाही. त्यानंतर तो झाडावर चढला नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेराव्याला वहिनींनी मला ओटीवर बसवलं. समोर त्यांची बहीण होती, सुना होत्या. "भावोजी, तुमीच सांगा ह्या सगळ्यांना. शेवटच्या टायमाला दिसलं ना भेकर यांना? पिल्लासकट? दवाखान्यात सगळ्या नर्सांना सांगायचे. दत्ता नसता तर दिसलं नसतं, म्हणायचे. त्यानंच दावलं."

तीस वर्षं माझ्या हुकाला जबाब देणारा माणूस, जाता जाता माझी चूकही पोटात घालून गेला होता.

"हो वहिनी," मी म्हणालो. "डबक्यापर्यंत आलं होतं. पाणी प्यायलं."

"आनि पिल्लू?"

"पिल्लूपण प्यायलं."

त्यांनी डोळे पुसले आणि त्याची झोळी माझ्या मांडीवर ठेवली.

ती मी परसातल्या आंब्याला बांधली आहे. रोज सकाळी जाऊन बसतो. समोर फक्त कुंपण आणि शेजाऱ्याची म्हैस. दहा मिनिटांत पाय वळवळतात, पण मी हलत नाही. काल पाऊण तास बसलो, वामन... जरासुद्धा हललो नाही रे.