मीलाला ते कुणी शिकवलं?

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आणि हे लिहितानाही नाही. लिंबू-मिरचीविरुद्ध पत्रकं वाटताना नाशिकरोडच्या चौकात मी शिव्या खाल्ल्यात. तेव्हा कमेंटमध्ये पूर्वजन्म वगैरे आणू नका.

आमच्या घरात देव्हारा नाही, पण आईचा एक नियम आहे. घरातून निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. तिच्या माहेरचा, सायखेड्याचा नियम. एका शब्दाने माणूस परत येतो? मी कॉलेजपासून मुद्दाम 'जाते' म्हणायचे. जर्मनीला निघाले तेव्हाही दारात तेच म्हणाले. आई दारातच उभी राहिली...

तिथे एका कुटुंबात वर्षभर राहून त्यांची मुलगी सांभाळायची, बदल्यात राहणं-जेवण आणि भाषेचा क्लास. एजन्सीची सूचना होती – मुलांमध्ये फार गुंतू नका. वा! पाच वर्षांच्या पोरीच्या वेण्या घाला, ताप आला की उशाशी बसा, आणि गुंतू नका.

मीला तिचं नाव. माझ्याआधी तिला सांभाळणारी ताई निरोप न घेताच निघून गेली होती, म्हणून पहिल्याच संध्याकाळी हिने मला विचारलं, "तू पण अशीच जाणार का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बालवाडीला निघताना तिने दारात बूट चढवले, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "येते."

स्वच्छ मराठीत.

"हे काय?" मी विचारलं. "निघताना म्हणतात ते," ती जर्मनमध्ये म्हणाली, जणू मीच बावळट.

त्या घरात मराठी कुणालाच येत नव्हती. माझं सिम सुरू व्हायचं होतं, आईशी एकही फोन झाला नव्हता. आणि मी तर हा शब्द वापरतच नाही. योगायोग, असं ठरवून टाकलं. मग वर्षभर ती रोज म्हणत राहिली. माझ्या भाकरीला चीज लावून खायची, माझं जर्मन चुकलं की डोळे फिरवायची, आणि निघताना – "येते."

शेवटच्या दिवशी तिने माझ्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला. "आता तू म्हण."

खोटं आश्वासन द्यायचं नाही, हे माझं तत्त्व. ते तिच्यासमोर अर्धं मिनिट टिकलं. "येते," म्हणाले. तिने पट्टा सोडला.

नाशिकला आल्यावर चहा पिताना मी हे आईला गंमत म्हणून सांगितलं. तिचा कप तसाच हातात राहिला.

"कधीपासून म्हणायची ती?"

"मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. का गं?"

"तू म्हणाली नाहीस ना... म्हणून तेव्हापासून रोज सकाळी दारात उभं राहून तुझ्या वाटचं मीच म्हणायचे."

"फोनवर कधी बोलली नाहीस ते?"

"तू लय हसली असतीस. कुणालाच नाय सांगितलं. पप्पांना पण नाय."

मग मी तिची उलटतपासणी घेतली, आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरात शिकवतात तशी. शेजारणीने ऐकलं का, मला मेसेज केला होतास का... कुठेच काही सापडलं नाही. आई म्हणाली, "छाप की तुझ्या पत्रकात." नाही छापणार. ज्याचं कारण मला सांगता येत नाही, ते मी पत्रकात छापून वाटत नाही; इथे फक्त घडलं तेवढं लिहिलंय.

पण शब्द दिलाय. व्हिसाचा फॉर्म भरलाय. कारण सापडो न सापडो, त्या पोरीसमोर मी खोटी ठरणार नाही.