शेठच्या लाल गाडीपुढे बसलेला उखर्डू

रावेरला बऱ्हाणपूर रोडवर पत्र्याच्या शेडात उखर्डू तायडेचं दुकान होतं. ट्रकचे लाईट, ट्रॅक्टरचे सेल्फ-स्टार्टर, डायनामो, सगळी वायरिंगची कामं. माणूस सुक्या मिरचीसारखा, अंगानं बारीक आणि कुणी चावायला गेलं की पस्तावलंच. आधीची दोन पोरं दगावली, म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारणीकडून उचलून घेतलं. तसा तो उखर्डू झाला. शाळेत मास्तर म्हणाले, नाव बदलून उत्तम लावू. तर हे एवढंसं पोर म्हणतं कसं, "माह्या आईनं ठेवलंय, तुम्ही कोन बदलनारे?" मास्तरांनी छडी मारली, पण नाव तेच राहिलं. दुकानाच्या पाटीवरही त्यानं ते हातभर अक्षरांत रंगवून घेतलं होतं.

बायको बेबाबाई नरडाण्याकडची. बारा वर्षं रावेरात राहून तिनं आपली अहिराणी सोडली नव्हती. नवरा-बायको भांडायला लागले की शेजारचे रेडिओ बंद करायचे. फुकटात एवढी करमणूक कोण सोडेल?

अठ्ठ्याण्णव सालच्या श्रावणात केळीचे व्यापारी लीलाधर शेठ यांनी मुंबईहून एक विलायती गाडी आणली. आठ वर्षं जुनी, पण लालभडक. छत उघडायचं आणि बसायला जागा फक्त दोघांची. त्यातही शेठ बसले की दीडच जण. ती जमिनीला एवढी चिकटलेली, की आत बसताना शेठना एक जण धरायचा आणि उतरताना दोघं ओढायचे. शेठ मात्र खूश. गावभर फिरायचे, पण म्हशी काही हटायच्या नाहीत. मग त्यांनी उखर्डूला बोलावलं. "भो, हिले ट्रकचा हॉर्न लावून दे."

उखर्डूनं लावून दिला. म्हशी हटल्या. शेठनी पाठ थोपटली.

पुढं तीन आठवड्यांनी गाडी मेली. चावी फिरवली तर सेल्फ हूं की चूं करेना. समोर एक लाल दिवा तेवढा डोळे मिचकावत बसायचा. मुंबईहून पांढऱ्या शर्टातला इंजिनिअर आला. त्यानं सांगितलं, गाडीत चोरांसाठी कंपनीनंच एक डबी बसवलेली असते, इमोबिलायझर म्हणतात. चावीचं बटण तिनं ओळखलं तरच गाडी सुरू होते. "ती डबी जळलीय. कुणातरी गावठी माणसानं हॉर्नसाठी वायर कापलेली दिसते."

संपलं. शेठनी केळीच्या यार्डात, भरायला लागलेल्या सगळ्या ट्रकांसमोर सांगून टाकलं, "उखर्डूनं माही गाडी जाळली. त्याच्याकडे कोनी काम टाकू नका."

दुसऱ्या दिवसापासून दुकानात माशासुद्धा येईनात. वना ड्रायव्हर, ज्याचा सेल्फ उखर्डूनं भर पावसात चिखलात झोपून काढला होता, तोही मान वळवून समोरच्या दुकानात गेला. शेठचा निरोप आला, यार्डात येऊन सगळ्यांसमोर माफी माग, मी विषय मिटवतो.

"मागी टाक ना माफी," बेबाबाई म्हणाली. मुद्दामच. तिला नवऱ्याचं माप माहीत होतं.

"मी वायर कापलीच नाही, तं माफी कायची?"

"मंग आठे काय बशी राह्यना? तठे जाय!" तिनं यार्डाच्या दिशेनं बोट दाखवलं.

गाडी मुंबईला न्यायला ट्रक यायचा होता, त्याच सकाळी उखर्डू पान्ह्यांची पेटी घेऊन यार्डात गेला आणि लाल गाडीच्या तोंडापुढे मांडी घालून बसला.

शेठ आले. "काय चाललंय हे?"

"बसलोय. गाडी इथून गेली का माहं नाव बी तिच्यासंग गेलं. मंग मुंबईवाले सांगतीन तेच खरं. आधी मले पाहू द्या. सगळ्यायच्या देखत."

"तू पुन्हा हात लावला तं याद राख!"

"तं मंग माह्या अंगावरून न्या."

घडांची मोजणी थांबली. हमाल गोळा झाले. गाडीसोबत जायला थांबलेला इंजिनिअर म्हणाला, "शेठजी, हे काम याच्या आवाक्यातलं नाही. याला इंग्रजी पुस्तक तरी वाचता येतं का?"

"वायर कोनत्या भाषेत बोलते, साहेब?" उखर्डूनं विचारलं, आणि हमालांत खसखस पिकली.

तेवढ्यात बेबाबाई भाकरी घेऊन आली आणि तीही नवऱ्याशेजारी फतकल मारून बसली. "मी बी आठेच शे. दोन्हीसनावरथीन लई जा!" म्हणजे न्यायची तर दोघांवरून न्या. आता मात्र शेठची पंचाईत झाली. शेवटी यार्डाला लागूनच असलेल्या त्यांच्या घराच्या ओसरीतून त्यांच्या म्हाताऱ्या आईचा, सुंदरअक्कांचा आवाज आला. "लीलाधर, पाहू दे न त्याले. गाडी मेलेलीच हाये. आनखी काय मारनार हाये तो?"

शेठनी हात झटकला. "पाहा!"

उखर्डूनं आधी स्वतःचं काम उघडं केलं. हॉर्नची वायर बॅटरीतून सरळ निघालेली, मध्ये तिचा स्वतःचा फ्यूज, कंपनीच्या एकाही वायरीला कात्री लागलेली नाही. त्यानं इंजिनिअरचं बोट धरून त्या वायरीवरून टोकापासून टोकापर्यंत फिरवलं, बालवाडीत अक्षर गिरवायला लावतात तसं. बॉनेट उघडून इंजिनिअरनं ती वायर कधी बघितलीच नव्हती, हे त्याच्या कानांच्या लाल पाळ्याच सांगत होत्या.

मग उखर्डू लाल दिव्याची वायर धरून मागं मागं गेला, थेट सीटच्या पाठीमागं. तिथला गालिचा उचलला आणि नाक दाबलं. खाली ती काळी डबी. तिच्यावर चिकट काळा थर चढलेला आणि तारांची टोकं हिरवी पडलेली. त्यानं थर बोटावर घेतला, चोळला, आणि बोट सगळ्यांपुढे धरलं.

रावेरात ते ओळखायला कुणाला शिकावं लागत नाही. प्रत्येकाच्या शर्टावर तो डाग असतो आणि कुठल्याच साबणानं जात नाही. केळीचा चीक!

"या गाडीत केळी कोनी वाहिली?" उखर्डूनं विचारलं.

"गाडीत केळी? येडा हाये का तू?" शेठ ओरडले.

"अरे," ओसरीतून अक्का म्हणाल्या, "नव्या गाडीचा सत्यनारायण घातला, तवा केळीचे खांब कशात आनले व्हते तू?"

हमालांच्या माना एकदम शेठकडे वळल्या.

शेठना आठवलं. चौरंगाला बांधायचे चार खांब त्यांनी मोठ्या हौशीनं, छत उघडून, स्वतः सीटमागं उभे करून मळ्यातून आणले होते. ताजे कापलेले. केळीचा खांब म्हणजे नुसतं पाणी आणि चीक, रस्ताभर तो गालिच्याखाली ठिबकत आला. उखर्डू बौद्ध, तो पूजेला नव्हता, त्याला हे कळणार कुठून? आणि ज्यांनी शिरा चापला होता, त्यांना आठवलं नाही.

इंजिनिअर खाकरला. "तरीही, डबी परदेशातूनच मागवावी लागेल. तिच्याशिवाय गाडी चालूच होत नाही. तशी रचनाच आहे."

"ती वॉचमन हाये ना? वॉचमन आंधळा झाला तं मालकानं घराबाहेरच झोपायचं का?" उखर्डू शेठकडे वळला. "गाडी तुमची हाये. सगळ्यायसमोर सांगा, करू का नको?"

शेठनी गाडीचे कागद छातीशी धरले होते, जणू तेही कुणी जाळेल. "कर."

डबीला कामावरून काढून टाकायला उखर्डूला दोन तास लागले. सेल्फला आणि पेट्रोलच्या पंपाला त्यानं नवी वाट करून दिली आणि मध्ये एक ट्रॅक्टरचा स्विच बसवला, शेठशिवाय कुणाला सापडणार नाही अशा जागी. इंजिनिअर म्हणत राहिला, असं कुठल्याच पुस्तकात नाही. उखर्डू म्हणाला, "मंग लिहून घ्या."

शेठना आत कोंबलं. त्यांनी स्विच दाबला, चावी फिरवली. गाडी एकदा खोकली आणि मग अशी गरजली की घडांवरची पाखरं उडाली. हमालांनी शिट्ट्या मारल्या. बेबाबाईनं पदर तोंडाला लावला. रडायला नाही, हसायला. तिला रडताना कुणी बघितलंच नव्हतं.

शेठ खिडकीतून म्हणाले, "बरं, झालं ते झालं. चाल, चहा घे."

उखर्डू हलला नाही. "इथं उभं राहून म्हनले व्हते, तसंच इथं उभं राहून म्हना."

"काय म्हनू?"

"तुमाले माहीत हाये."

शेठना दोघांनी ओढून बाहेर काढलं. ते ट्रकांकडे तोंड करून पुटपुटले, "उखर्डूची चूक नव्हती."

"त्या टोकाच्या ट्रकपर्यंत गेलं नाही, शेठ."

शेठचा चेहरा गाडीहून लाल झाला. पण चाळीस माणसं ऐकत होती आणि ओसरीत आई बसली होती. त्यांनी छाती भरून घेतली. "उखर्डूची चूक नव्हती! माही व्हती! कामं त्याच्याकडेच टाका!"

टोकाच्या ट्रकमधून वना ड्रायव्हर खाली उतरला आणि ओशाळं हसत म्हणाला, "उखर्डूभाऊ, माह्या लाईटचं जरा पाहतं का?"

"पाहतो," उखर्डू पेटी उचलत म्हणाला. "नंबर लाव. पहिला नाही लागनार तुहा."