लटारूभाऊची खरखर

वडशात दिवाळी जवळ आली की नाटक कंपन्यांची ऑफिसं उघडतात, भिंतींवर पोस्टर चढतात आणि स्टेशन रोडवरच्या अजीमच्या दुकानापुढे चपला वाढतात. पुढच्या भागात कॉम्प्युटर दुरुस्ती. मागच्या खोलीत, भिंतींना जुन्या गाद्या ठोकून केलेलं रेकॉर्डिंग. झाडीपट्टीतल्या नाटकांचा प्रचार इथे भरला जातो आणि भोंग्याच्या गाडीवरून गावोगाव फिरतो.

त्या गाडीवरचा आवाज बहुतेक लटारूभाऊचा असायचा.

लटारूभाऊ नागभीडकडचा. धानाची थोडी शेती. बायको धुरपताबाई. वर्षभर बांध्यांत राबणारा हा माणूस हंगामात रेल्वेने वडशाला यायचा आणि माइकसमोर उभा राहिला की वेगळाच होऊन जायचा. "रसिक मायबाप हो," एवढंच तो म्हणायचा, आणि म्हणे गावातल्या बाया चुलीपुढून उठून दारात यायच्या. स्टेजवर तो कधी गेला नाही. त्याचा चेहरा कोणी ओळखत नसे. चहाच्या टपरीवर त्याने चहा मागितला की मात्र माणसं मागे वळून बघत.

त्या वर्षी हंगामाच्या तोंडावर अजीमच्या कॉम्प्युटरचा आवाज खरखरू लागला. गाणं लावलं तरी खरखर, भरलेला प्रचार लावला तरी खरखर. अजीमने स्पीकरची वायर बदलली. पिना पुसल्या. कॉम्प्युटरमधला साउंडचा ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला. मोबाइल दूर ठेवून पाहिला. दुकानाच्या अर्थिंगवर संशय घेतला आणि वायरमन बोलावला.

लटारूभाऊ स्टुलावर बसून खर्रा घोटत होता. तळहातावर प्लास्टिकची पन्नी, पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना.

"खर्रा तुम्ही खाता, भाऊ, अन् खरखर माह्या कॉम्प्युटरले," अजीम म्हणाला.

"त्याले बी दे थोडा. तलब लागली असन."

दोघं हसले. हा विनोद त्या आठवड्यात पुष्कळदा झाला.

शेवटी अजीमने दोष शोधला. साउंड कार्ड गेलं होतं. नागपूरहून नवीन मागवलं. कॉम्प्युटरचा डबा उघडला, जुनं कार्ड काढलं, नवं बसवलं, स्क्रू आवळला. गाणं लावलं. पाण्यासारखं साफ. अजीमने आनंदाने माइक सुरू केला आणि लटारूभाऊला पुढे ढकललं. दोन वाक्यांची टेस्ट झाली. ती फाइल तशीच कुठेतरी पडून राहिली.

मग खरं काम सुरू झालं, आणि हेडफोनमध्ये अजीमला पुन्हा तेच ऐकू आलं. बारीक. प्रत्येक वाक्याच्या आधी.

"नवं कार्ड बी डुप्लिकेट निघालं वाट्टे," तो म्हणाला. त्याने कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. माइक बदलला. माइकची वायर बदलली. खरखर होतीच.

तेवढ्यात तबस्सुम, अजीमची बायको, डबा घेऊन आली. माइक सुरू होता.

"पहले खाना खा लो," ती म्हणाली. "सालन ठंडा हो रहा."

अजीमने ते परत लावून ऐकलं. 'सालन'ही साफ होतं, 'ठंडा'ही साफ होता; खरखर कुठेच नव्हती. त्याने हेडफोन काढून मांडीवर ठेवला. लटारूभाऊ स्टुलावरच होता. तोंडात खर्रा.

"भाऊ," अजीम म्हणाला, "एकडाव डॉक्टरले गळा दाखवा."

"काऊन?"

"आवाज बसल्यासारखा वाटून राह्यला."

"आवाज बसला असन. मी तं उभाच आहो." तो उठून माइकसमोर गेला. "सीझन होऊ दे. मंग दाखवतो."

अजीम आणखी एकदा बोलला. मग बोलला नाही. हंगाम होता. कंपन्यांचे फोन येत होते, गाड्या दारात उभ्या होत्या.

त्याच्याकडे सॉफ्टवेअर होतं. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसायची आणि वाक्याआधीचा तो काटेरी तुकडा ओळखू यायचा. अजीम एकेक तुकडा निवडून पुसायचा. हे काम तो प्रेमाने करायचा. लटारूभाऊचा प्रचार खराब जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं. पुसून झालं की पक्की फाइल ठेवायची आणि कच्चं उडवायचं, ही त्याच्या कामाची जुनी रीत.

गावोगाव गाड्या फिरल्या. आवाज स्वच्छ होता. कंपनीवाले खूश. 'लटारूभाऊ, तुमचा गळा खराब झाला का,' असं एकाही माणसाने विचारलं नाही. विचारण्यासारखं कोणाच्या कानावर काही गेलंच नव्हतं.

होळीनंतर तो डॉक्टरकडे गेला. तिथून नागपूरला. घशातली गाठ खूप वाढली होती. ऑपरेशनमध्ये आवाज गेला. श्रावणात लटारूभाऊ गेला.

धुरपताबाई दिवाळीच्या तोंडावर दुकानात आली. बाहेर चपला होत्याच. तिने पदराच्या गाठीतून मोबाइल काढला.

"त्याहिचा आवाज भरून द्या. ऐकाले काहीच नाई घरी."

अजीमने प्रचार लावला. रसिक मायबाप हो. ती मान खाली घालून ऐकत राहिली. त्याने दुसरा लावला. तिसरा लावला.

"हे गाडीतले होत," ती म्हणाली. "घरातले नाई. घरी बोलाच्या आधी त्याहिचा गळा वाजे. मोरीतून खाकरले तरी मले समजे का आले म्हणून."

अजीम कॉम्प्युटरकडे वळला. तो फोल्डरमागून फोल्डर उघडत गेला. सगळं पक्कं होतं. सगळं साफ. शेवटी साउंड कार्डच्या ड्रायव्हरच्या फायलींत ती दोन वाक्यांची टेस्ट सापडली. त्याने ती लावली.

आधी खरखर. मग आवाज.

धुरपताबाईने मान वर केली. "हो," ती म्हणाली. "हेच."

अजीमचा हात सवयीने माउसवर गेला. त्याने सुरुवातीचा काटेरी तुकडा निवडलासुद्धा.

"ते काऊन पुसता, बाबू? ते तं त्याहिचंच होय."

त्याने हात काढून घेतला. फाइल होती तशी तिच्या मोबाइलमध्ये टाकली. कसं लावायचं ते दाखवलं. ती पायरी उतरली आणि रस्त्यातच उभी राहून तिने मोबाइल कानाशी धरला. आवाज मोठाच होता. दुकानात ऐकू येत होता.

खर्र. "अजीम, गेली का रे खरखर?"

आणि मागून अजीमचा स्वतःचा, खूश आवाज:

"गेली, भाऊ. पार गेली."

तिने पुन्हा लावलं.