गोंडी – कोणी नाही

मी याद्या करणारी बाई आहे. किराण्याची, औषधांची, उन्हाळ्यात कुलरमध्ये पाणी कोणी कधी भरायचं त्याची. प्रताप नगरच्या आमच्या घरी फ्रिजवर नेहमी दोन-तीन चिकटवलेल्या असतात. पण हे जे आता लिहिते आहे, ते माझ्या कुठल्याच यादीत कधी आलं नाही. नवऱ्याला सांगितलेलं नाही, मुलीला नाही. सहा वर्षं झाली. तुम्हाला सांगते — आणि आधीच सांगून ठेवते, मला समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका. वाचा फक्त.

मी नागपुरातल्या एका खासगी दवाखान्यात आहे. पेशंट दाखल करून घेणं, खाट देणं, सह्या, सामानाची नोंद — हे माझं टेबल. आमच्याकडे माणूस कुठून येत नाही? छिंदवाड्याहून, बालाघाटहून, गडचिरोलीहून, आदिलाबादहून. डॉक्टर एक सांगतात, पेशंट भलतंच समजतो. म्हणून मी फोनशेजारी एक कागद लावला होता: कोणती भाषा, आपल्यापैकी कोणाला येते, त्याचं एक्स्टेन्शन. तेलुगू – लॅबमधले राव. छत्तीसगढी – किचनमधली दुलारी. मल्याळम, तमिळ – मर्सी सिस्टर. साधी गोष्ट, पण माझ्याआधी कोणाला सुचली नव्हती. मोठ्या डॉक्टरांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं. आणि त्याच कागदाच्या शेवटच्या ओळीत, माझ्याच अक्षरात, लिहिलेलं होतं: गोंडी – कोणी नाही.

माझी आई गोंड होती. देवलापारच्या पलीकडे जंगलाच्या कडेला तिचं गाव. वडिलांचं आडनाव असं, की ऐकल्यावर पुढे कोणी काही विचारत नाही. मी पहिला शब्द बोलले तो गोंडीत. मराठी शाळेत आली, हिंदी रामटेकच्या कॉलेजात, इंग्रजी नागपुरात. वह्या करून, शब्द पाठ करून एकेक भाषा मिळवली. त्याचा मला गर्व आहे, तो मी सोडणार नाही. पण तीन मिळवताना एक दडवली — ती का?

हॉस्टेलवर पोरी हसल्या होत्या, हे खरं. पण पंचेचाळिशीच्या बाईने हॉस्टेलच्या पोरींवर किती दिवस ढकलायचं? घरूनही काही त्रास नव्हता. आई कोण होती हे नवऱ्याला लग्नाआधीपासून माहीत होतं, त्याला त्याचं काही नव्हतं. मग? टेबलापलीकडून लोक मला मॅडम म्हणत. मला ते आवडत होतं. ती भाषा तोंडातून निघाली तर मॅडम राहणार नाही असं वाटत होतं. बस, एवढंच. यापेक्षा मोठं कारण मी शोधलं नाही, कारण ते नाहीच.

फुलवंताबाई एका मंगळवारी आली. साठीची असेल. साखरेने उजव्या पायाची दोन बोटं काळी पडलेली. गावच्या आशाताईने आणून सोडलं आणि ती परतीच्या एसटीने गेली. मुलगा कामाला हैदराबादकडे. ऑपरेशनला फोनवर हो म्हणाला, शुक्रवारी पोचतो म्हणाला; त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. बाईला गोंडीशिवाय काही येत नव्हतं. आणि गोंडीही कशी — माझ्या आईची. तोच हेल.

डॉक्टरांनी तिला खुणेने समजावलं. तळहात आडवा करून पायावर हवेत फिरवला. त्यांना म्हणायचं होतं, बोटं. हात फिरला घोट्याच्या वर. ते गेल्यावर ती स्वतःशीच बोलली, की हा पोरगा एवढा वाळका, याला घरी कोणी जेवू घालत नाही का? मला हसू आलं. मी ते गिळलं — पण ओठ हलले, आणि तिने ते पाहिलं.

त्यानंतर ती फक्त माझ्याशी बोलायची. मी वॉर्डात गेले की एकच प्रश्न: घोट्यापासून कापणार, की गुडघ्यापासून? माझ्या हातातल्या फाइलीत स्पष्ट लिहिलेलं होतं, दोन बोटं. आणि मी हिंदीत म्हणायचे, सब ठीक हो जाएगा, माँजी. किती गोड आवाजात म्हणायचे, ते मला आजही ऐकू येतं.

बुधवारी तिने जेवण सोडलं. मर्सी सिस्टर मूळची केरळची, पण वीस वर्षांत अशी नागपुरी बोलायला लागली की वाटावं, नरखेडच्या बाजारात वाढली. ती माझ्या टेबलाशी आली.

"ताई, ते बुढी काहून जेवून नाही राहिली? तुमाले काई समजते का?"

"नाही वं," मी म्हणाले. "मले कुठं येते ते भाषा."

मर्सीने मग स्वतःच सुरुवात केली. पाणी दाखवायची, भात दाखवायची, फुलवंताबाई शब्द सांगायची, आणि मर्सी तो ग्लोव्हजच्या डब्यावर मल्याळी अक्षरात लिहून घ्यायची. संध्याकाळपर्यंत दहा-बारा शब्द झाले. शेवटी मर्सीने दोन बोटं वर करून दाखवली. फुलवंताबाईला वाटलं, दोन दिवसांनी कापणार. हे मी दारात उभी राहून ऐकलं. ऐकलं, आणि टेबलाशी परत गेले.

गुरुवारी ऑपरेशन. अंगावर दागिना ठेवून आत नेत नाहीत. तो काढून नोंद करून घेणं माझं काम. तिच्या दोन्ही पायांत चांदीचे तोडे होते, वर्षानुवर्षं न काढलेले. मर्सीने साबण लावून ओढले. डाव्या पायातला तोडा फुलवंताबाईने पदराच्या गाठीत बांधला. उजव्या पायातला माझ्या हातात ठेवला आणि आमच्या भाषेत म्हणाली, "याला आता पाय नाही. तुझ्या पोरीला दे."

दोन बोटं जातील, बाई, पाय राहील. एका श्वासात संपेल एवढं वाक्य. पण मर्सी शेजारी उभी होती. मी नोंदवहीत लिहिलं: चांदीचा तोडा, एक. आणि अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं.

आता म्हणा काय म्हणायचं ते.

पाय राहिला. शुक्रवारी मी तोडा परत द्यायला गेले तेव्हा मुलगा आला होता. फुलवंताबाई उशीला टेकून बसली होती, बँडेजकडे पाहून हसत होती. मला पाहून तिने मुलाला काही विचारायला सांगितलं. त्याने मला ते मराठीत करून सांगितलं, जे मला आधीच कळलं होतं.

"मॅडम, आई पुसून राहिली, तुमची आई कोण्या गावची?"

"नागपूरचीच," मी म्हणाले.

नागपूर हा शब्द तिला कळला. ती माझ्याकडे पाहत राहिली आणि मग हळू आवाजात म्हणाली, असू दे. ते मात्र तिच्या मुलाने मला सांगितलं नाही.

मी तिच्या गावी माफी मागायला गेले नाही. गेले असते तर माझंच मन हलकं करायला गेले असते. तिच्या त्या तीन दिवसांचं काय? आणि 'सगळ्या भाषा सुंदर असतात' असली वाक्यं मला ऐकवू नका. ती मलाही येतात, चार भाषांत.

भिंतीवरचा कागद पिवळा पडला होता. आज नवीन केला. मर्सी सिस्टर डोळ्यांवर चष्मा ओढून खालपर्यंत वाचत गेली आणि शेवटच्या ओळीशी थांबली.

"कधी शिकल्या वं, ताई?"

"आईजवळ."

ती आधी हसली. मग हसू हळूहळू उतरलं. मर्सीची आठवण पक्की आहे. तिने ग्लोव्हजचा डबा उचलला आणि वॉर्डात गेली. संध्याकाळी घरी निघताना, रोज म्हणते तसं, येते ताई म्हणाली नाही. न म्हणू दे.

कागद मी काढणार नाही. शेवटची ओळ माझ्याच अक्षरात आहे: गोंडी – आणि पुढे माझं नाव. एक्स्टेन्शन बारा.